माग थांबला तरी नक्षी राहते

अण्णांच्या टेबलाच्या खणात पितळेचे एक घडीचे भिंग आहे. कापडाच्या एका इंचात उभे-आडवे किती धागे बसले आहेत, हे मोजण्यासाठी ते वापरतात. उलगडले की खाली एक इंचाची चौकोनी खिडकी आणि वर भिंग, असे छोटेसे स्टूलच तयार होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापुरात ३६ वर्षे चादरींचे आणि टॉवेलांचे ग्राफ काढले, आणि निवृत्तीनंतर हातात येणारी प्रत्येक विणलेली किंवा छापलेली वस्तू त्या भिंगाखाली धरण्याची त्यांची सवय काही सुटली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात माझ्या लेकीने पुण्याहून मला ई-इंकचा एक रीडर, म्हणजे फक्त पुस्तके वाचायचे उपकरण, पाठवला, तेव्हा अण्णांनी भिंग काढले, पडद्यावर उभे केले आणि डोळा लावून बराच वेळ गप्प बसले.

"हे छापलंय," ते म्हणाले. "ह्यात उजेड नाही. बारीक रवा पसरल्यासारखं दिसतंय बघ."

मग त्यांनी आपला टॅब मागवला आणि भिंग त्यावर ठेवले. "आणि ह्यात नुसते दिवे आहेत. तांबडे, हिरवे, निळे. पांढरं कुठं आहे ह्यात?"

या दोन्ही उपकरणांची तुलना करणारे पुष्कळ लेख मी आधी वाचले होते, पण दोन वाक्यांत एवढे नेमके कोणी सांगितले नव्हते. टॅबच्या पडद्यावर पांढरा रंग खरोखरच नसतो. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन बारीक पट्टे शेजारी शेजारी पेटलेले असतात आणि त्यांची बेरीज आपला डोळा पांढरी म्हणून वाचतो. ई-इंकच्या पडद्यावरचा पांढरा मात्र खरा रंग असतो. घराच्या भिंतीला लावायच्या पांढऱ्या रंगात असतो तोच टायटॅनियम डायऑक्साइड तिथे कणांच्या रूपात असतो.

ग्राफ म्हणजे काय, हे सोलापूरबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे, कारण माझी या उपकरणांबद्दलची सगळी समज तिथूनच आली आहे. जकार्डच्या मागावर मोर किंवा कमळ उमटवायचे असेल, तर ते आधी चौकटींच्या कागदावर उतरवावे लागते. उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा आणि आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा. चौकट रंगवली की तिथे ताण्याचा धागा वर उचलायचा आणि कोरी ठेवली की खालीच राहू द्यायचा. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडतात, पत्ते ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवतात, आणि माग एकेक पत्ता वाचत एकेक ओळ विणत जातो. जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. आता सोलापुरातही पुष्कळ डिझाइने संगणकावर होतात, पण माझ्या लहानपणी अण्णा रात्री दिव्याखाली बसून, मोराचा डोळा गोल दिसावा म्हणून कोपऱ्यातली कोणती चौकट रंगवायची आणि कोणती सोडायची, याचा हिशेब करत असत. आज अक्षराची गोलाई पडद्यावर कशी दाखवायची, हा प्रश्न यापेक्षा फारसा वेगळा नाही. माझ्या सहा इंची रीडरवर आडव्या १०७२ आणि उभ्या १४४८ चौकटी आहेत, म्हणजे साडेपंधरा लाखांचा ग्राफ. एका इंचात ३००. अण्णांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग विचारले, "भोकं कोण पाडतं?"

भोके वीज पाडते. पडद्यावर पारदर्शक द्रवाने भरलेल्या सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. एकेक कुपी केसाच्या जाडीएवढी, आणि तिच्यात पांढरे व काळे कण, एकावर धन भार आणि दुसऱ्यावर ऋण. खालून विजेचा धक्का दिला की पांढरे कण वर येतात, उलटा दिला की काळे. मुख्य गोष्ट याच्या पुढची आहे: कण एकदा जागेवर बसले की वीज तोडली तरी ते तिथेच राहतात. माग थांबला, वीज गेली, कामगार घरी गेले, म्हणून चादरीवरचा मोर उडून जात नाही, तसेच हे. म्हणूनच असा रीडर एका चार्जिंगवर आठवडे आठवडे चालतो. तो पान उलटतानाच काय ते खर्च करतो, आणि पुढे दिवा लावला असेल तर दिव्याचे. टॅबचे याच्या नेमके उलट आहे. तिथे पान दिसत राहावे म्हणून चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा पुन्हा लिहावे लागते आणि मागचा दिवा सतत जळत ठेवावा लागतो. टॅबवरचे अक्षर दर क्षणाला नव्याने विणले जात असते; माग थांबला की कापडच नाहीसे.

हे तंत्र १९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून निघालेल्या ई-इंक नावाच्या कंपनीने बाजारात आणण्याजोगे केले, २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये त्यावरचा पहिला रीडर विकला, आणि २००७ मध्ये ॲमेझॉनचे किंडल आल्यावर हे नाव घराघरांत गेले. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके यायला डिसेंबर २०१६ उजाडला. या नऊ वर्षांच्या अंतराकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते मराठी वाचकाच्या डोळ्यांचा खरा प्रश्न तिथे आहे. आधी उन्हाचे सांगतो.

सोलापूरच्या उन्हाबद्दल सोलापूरकराने बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकून घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जाणे ही इथे बातमी होत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी हिशेब लिहितो, तिथे दुपारच्या सुटीत आम्ही शेडबाहेरच्या लिंबाखाली डबा खातो, आणि त्यानंतरची वीस मिनिटे माझ्या वाचनाची असतात. तिथे टॅब निरुपयोगी ठरतो. भर उन्हातला प्रकाश, लक्स या एककात मोजला तर, एक लाखाच्या घरात जातो. त्यापुढे टॅबचा दिवा पूर्ण मोठा केला तरी काजव्यासारखा भासतो, आणि काचेत अक्षरांऐवजी स्वतःचा घामाघूम चेहरा व मागच्या लिंबाच्या फांद्या दिसतात. शिवाय बहुतेक टॅबच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ३५ अंश तापमानापर्यंत दिलेली असते. एकदा मी हट्टाने टॅब घेऊन गच्चीत बसलो, तेव्हा पंधरा मिनिटांत त्याने आधी उजेड आपोआप मंद केला आणि मग तापल्याची सूचना दाखवून सरळ झोपी गेला. मला त्याचा राग आला नाही, कारण वैशाखात मीही तेच करतो.

रीडरचे उन्हाशी सख्य आहे. त्याच्याकडे स्वतःचा उजेड नाही, म्हणून जितके ऊन जास्त तितके पान स्वच्छ. रीडरच्याही माहितीपत्रकात तापमानाची मर्यादा असतेच, त्यामुळे तोही सावलीतच धरावा. पण लिंबाच्या गाळीव उन्हात त्या पडद्यावरची अक्षरे जशी ठसठशीत दिसतात, तशी छापील पुस्तकाखेरीज मी कुठेही पाहिलेली नाहीत. जाहिरातीतला एक शब्द मात्र मला नेहमी खटकतो, तो म्हणजे ‘कागदासारखे’. चांगला पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला चार-पंचमांश तरी परत पाठवतो, तर ई-इंकचा पडदा निम्म्याहून कमी. म्हणजे त्याचा पांढरा हा वर्तमानपत्राच्या कागदाहूनही करडा आहे. उन्हात हे कळत नाही, कारण तिथे प्रकाश उधळायला पुरेसा असतो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बसले की लगेच कळते. २०१२ नंतरच्या रीडरमध्ये कडेला बारीक दिवे बसवून त्यांचा उजेड पडद्याच्या पृष्ठावर पसरवण्याची सोय रुळली, ती यासाठीच. तो दिवा मागून डोळ्यात येत नाही, वरून पानावर पडतो, हा फरक खरा आहे. पण दिवा लावल्यावर ‘हा पडदा प्रकाश फेकत नाही’ हे वाक्य अर्धेच खरे उरते.

डोळ्यांच्या त्रासाबद्दल लोक जे छातीठोकपणे बोलतात, तितके शास्त्र छातीठोक नाही. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दोन्ही पडद्यांवर लोकांना तासन्‌तास वाचायला लावले, तेव्हा त्यांना थकव्यात फारसा फरक दिसला नाही. २०१३ मधल्या दुसऱ्या एका प्रयोगात टॅबवर वाचणाऱ्यांचे डोळे अधिक थकले आणि ई-इंक कागदाच्या बरोबरीने उतरला. दोन्ही प्रयोगांत माणसे थोडी होती. मला विचाराल तर डोळे थकवणारा मोठा गुन्हेगार वेगळाच आहे: आपण पापणी मिटायला विसरतो. एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा लवणारी पापणी पडद्याकडे एकटक पाहताना निम्म्याहूनही कमी वेळा लवते, डोळा कोरडा पडतो आणि आपण दोष काचेला देतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत, पंख्याखाली, हे अधिकच होते. रीडरवर मी कमी थकतो हे खरे, पण त्याचे श्रेय त्याच्या शाईला किती आणि त्यावर दर दोन मिनिटांनी ‘सुप्रभात’चे फूल येऊन पडत नाही याला किती, हे मला प्रामाणिकपणे वेगळे करता येत नाही.

झोपेच्या बाबतीत मात्र माझा कौल स्पष्ट आहे. २०१४ च्या अखेरीस बोस्टनमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १२ जणांना झोपेआधी काही तास, पाच रात्री उजळ टॅबवर आणि पाच रात्री छापील पुस्तकातून वाचायला लावले होते. टॅबवर वाचलेल्या रात्री झोप उशिरा लागली आणि शरीरात झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिनही दबले. उन्हाळ्यात आम्ही अजूनही गच्चीवर झोपतो. अंथरूण घातले, वर चादर ओढली, पूर्व भागातून येणारा यंत्रमागांचा खडखडाट पाऊस पडत असावा तसा दुरून ऐकू येऊ लागला, की मी रीडरचा दिवा अगदी खालच्या टप्प्यावर आणून वाचतो. तो हातातून छातीवर पडतो तेव्हा मला जाग येत नाही, कारण त्याचे वजन दोनशे ग्रॅमच्या आत आहे. टॅब अर्धा किलोचा आहे. तो एकदा नाकावर पडला होता. वजन हा वाचनसुखाचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग आहे, असे मी त्या रात्री ठरवले.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की निकाल लागला. मलाही पहिले सहा महिने तसेच वाटले होते. अण्णा मात्र टॅब सोडायला तयार नव्हते आणि मी त्यांना रोज समजावत होतो, कारण आपल्याला जे मानवले ते वडिलांनाही मानवलेच पाहिजे, असा मुलांचा एक हट्ट असतो. अण्णा ८२ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. शेवटी एका रविवारी त्यांनी माझा रीडर हातात घेतला आणि म्हणाले, "बरं, आज दिवसभर हेच वाचतो. घाल ह्यात माझं पुस्तक."

त्यांचे पुस्तक म्हणजे सोलापूर परिसराच्या इतिहासावरचा एक जुना ग्रंथ, कोणीतरी कधीतरी पानन्‌पान स्कॅन करून पीडीएफ बनवलेला. मी तो रीडरवर चढवला आणि माझी सगळी वकिली तिथेच संपली.

पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. मराठीत नेहमी येणारे डेमी आकाराचे पुस्तक साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. माझ्या रीडरचा पडदा साडेतीन इंचांहून थोडा रुंद आणि पाच इंचांहून थोडा कमी उंच. सबंध पान बसवायचे तर अक्षर निम्म्यावर येते. छापताना तेरा पॉइंटांचे असलेले अक्षर सात-साडेसात पॉइंटांचे होते, आणि देवनागरीत त्या आकाराला वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार शेजारच्या ओळींत घुसू लागतात. मोठे करून सरकवत वाचावे, तर प्रत्येक सरकण्याला पडद्याचा अर्धा सेकंद जातो, मध्येच पान काळे होऊन उजळते, आणि आधीच्या ओळींची फिकट भुते मागे राहतात. शिवाय जुना कागद पिवळा पडलेला, स्कॅन करणाऱ्याची घाई, रीडरला दाखवता येणाऱ्या करड्याच्या छटा फक्त १६. त्यामुळे सबंध पान धुरकट राखेसारखे दिसत होते. वय वाढले की डोळ्याची बाहुली लहान होते आणि आत कमी उजेड शिरतो, म्हणून अण्णांना मुळात जास्त उजेड आणि काळ्या-पांढऱ्याचा जास्त विरोध हवा. त्यांनी अर्धा तास प्रामाणिकपणे प्रयत्न केला. मग काही न बोलता टॅब उघडला. दहा इंची पडद्यावर तेच डेमी पान जवळजवळ मूळ आकारात बसले, दोन बोटांनी त्यांनी ते जरा मोठे केले, उजेड वाढवला आणि वाचू लागले. पिवळा कागद तिथे पिवळाच दिसत होता, आणि तेही त्यांना आवडत होते.

त्या रविवारनंतर मला असे वाटू लागले की आपण पडद्यांची तुलना करत बसतो, पण मराठी वाचकाचा आराम पडद्याच्या आधी पुस्तकाच्या बनावटीत ठरून गेलेला असतो. इंग्रजी वाचणाऱ्याला बहुतेक पुस्तके वाहत्या मजकुराच्या रूपात मिळतात, म्हणजे अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने लागतात. आपल्याकडे तशी पुस्तके आहेत आणि वाढतही आहेत, पण आपल्या वाचनाचा फार मोठा भाग अजून फोटोंच्या रूपात आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे उलटून स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात ती बहुधा स्कॅन केलेली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर मोफत ठेवलेली पुस्तके पीडीएफमध्ये. दिवाळी अंकांच्या डिजिटल प्रती पीडीएफमध्ये, त्याही दोन रकानी, रंगीत चित्रे आणि साड्यांच्या जाहिरातींसह. या सगळ्यांसाठी टॅबला पर्याय नाही, आणि कोणी मला ‘मराठी वाचतो, काय घेऊ’ असे विचारले तर मी आधी ‘कोणते मराठी’ असे विचारतो.

याचे कारण आपल्या छपाईच्या इतिहासात आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, श्रीलिपीसारख्या प्रणालींवर चाले. त्यांत देवनागरी अक्षराची आकृती इंग्रजी अक्षराच्या घरात बसवलेली असे. कागदावर ‘सोलापूर’ छापले जाई, पण संगणकाच्या पोटात काहीतरी अगम्य इंग्रजी अक्षरे असत. फॉन्ट काढून घेतला की मजकूर मातीमोल. त्यामुळे हजारो पुस्तकांच्या मूळ फायली असूनही त्यांपासून वाहते ई-पुस्तक करायचे तर आधी सगळा मजकूर बदलून पुन्हा तपासावा लागतो, आणि ते काम कोणी करायचे, हा प्रश्न उरतो.

मी एकदा ते करून पाहिले. १४० पानांचे एक जुने, हक्कमुक्त प्रवासवर्णन होते. यंत्राकडून अक्षरओळख करून घेतली, कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या कॅलिबर या मोफत प्रणालीत त्याचे ई-पब, म्हणजे वाहते ई-पुस्तक, बनवले, आणि मग तपासायला बसलो. यंत्राने ‘भ’चे ‘म’ केले होते, ‘ध’चे ‘घ’, ‘ब’चे ‘व’. ‘भात’ शिजवून बसलेल्या मंडळींनी ‘मात’ खाल्ली होती आणि ‘धनी’ जागोजाग ‘घनी’ झाले होते. ‘ऱ्या’ दिसला की यंत्र बावचळून जाई. रोज रात्री मी वाचायचे आणि अण्णांनी मूळ पानावर भिंग धरून हो-नाही म्हणायचे, अशी तीन आठवडे आमची बैठक चालली. ग्राफवरून पत्ते तपासायचे काम त्यांनी आयुष्यभर केले होते; एक भोक चुकले तर सबंध चादरीत तो दोष दर हातभर अंतरावर पुन्हा पुन्हा येतो, म्हणून तपासताना घाई करायची नाही, हे त्यांनी मला चौथीतल्या मुलाला सांगावे तसे सांगितले. ते पुस्तक आता माझ्या रीडरवर आहे. ते उघडले की अक्षरे इतकी स्वच्छ दिसतात की त्यामागचे एकवीस दिवस विसरायला होते.

वाहता मजकूर मिळाला म्हणजे सगळे मिळाले असेही नाही. देवनागरीला ओळींमध्ये जास्त जागा लागते, आणि रीडर बनवणाऱ्यांनी ठरवलेले अंतर रोमन अक्षरांच्या मापाचे असते. म्हणून मी ओळींतले अंतर नेहमी सर्वांत मोठे ठेवतो. मराठी शब्द प्रत्यय जोडून लांबत जातात, त्यांची ओळीच्या शेवटी फोड होत नाही, आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हटल्या तर लहान पडद्यावर शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढ्या वाटा पडतात. तिथे उजवी कड मोकळी सोडलेली बरी. शब्दावर बोट ठेवले की अर्थ दिसावा, ही इंग्रजी वाचकाची चैन माझ्या रीडरवर मराठीला मिळत नाही. टॅबवर निदान शेजारी मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उघडून ठेवता येतो, तेही ‘घराच्यासाठी’ न शोधता ‘घर’ शोधायचे भान ठेवले तर. आणि मग ‘ल’. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच मराठीची रूपे ठरवून दिली आहेत, पण पुष्कळ उपकरणांतला देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचा असतो आणि त्यात ‘ल’ दंडाला टेकून उभा राहतो. वाचताना अर्थाला काही धक्का लागत नाही. तरी लहानपणापासून ज्या आकाराला आपण ‘ल’ म्हणत आलो, तो पानोपानी किंचित परका दिसत राहिला की डोळा नकळत अडखळतो, आणि आराम म्हणजे अडखळणे नसणे, असे मी समजतो.

तर घरात अशी वाटणी झाली. कादंबऱ्या, कथासंग्रह, अलीकडचे वैचारिक लेखन, म्हणजे विकत मिळणारी वाहती पुस्तके, मी रीडरवर वाचतो. अण्णा स्कॅन केलेले ग्रंथ, दिवाळी अंक आणि वर्तमानपत्रे टॅबवर. हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेले छापील पुस्तक दोघेही वाचतो आणि त्यावरून भांडण होते.

गेल्या माघात मी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला लेकीकडे निघालो होतो. पिशवीत तिच्यासाठी कडक भाकऱ्यांचा आणि शेंगाचटणीचा स्टीलचा डबा, आणि त्याला टेकून, कव्हराशिवाय, माझा रीडर. कुर्डुवाडीला गर्दी चढली, पिशवी कोणाच्या तरी बुटांखाली सरकली, दौंड येईपर्यंत मी झोपलो होतो. उठून रीडर काढला तर पडद्याचा वरचा अर्धा भाग जसाच्या तसा, आणि खालच्या अर्ध्यावर उभ्या-आडव्या रेघांचे जाळे. असल्या बहुतेक रीडरमध्ये वरच्या मऊ थराखाली पातळ काच असते. वरून ओरखडाही दिसत नाही आणि आत ती तडकते. भाकऱ्या मात्र सगळ्या शाबूत होत्या. लेकीने आधी हसून घेतले आणि मग नवा रीडर मागवला.

मोडका रीडर मी घरी आणला. अण्णांनी तो खिडकीशी नेला, भिंग उलगडले आणि तडकलेल्या भागावर धरले. "इथले धागे सुटलेत," ते म्हणाले. "वरची नक्षी राहिली." त्याची बॅटरी केव्हाच संपली आहे, पण ते अर्धे पान अजूनही पडद्यावर आहे; अण्णांनी तो आपल्या टेबलावर, जुन्या चादरींच्या नमुन्यांशेजारी, उभा करून ठेवला आहे. शेवटचे दिसणारे वाक्य ‘पावसाने’ या शब्दावर तुटते. येता-जाता ते वाचून अण्णांना चैन पडेना. पावसाने काय केले, असे त्यांनी तीनदा विचारले आणि मी सांगू लागताच तीनदा मला गप्प केले.

शेवटी मी तीच कादंबरी त्यांच्या टॅबवर उतरवून दिली, ते पान शोधले आणि अक्षर त्यांच्या डोळ्यांना चालेल एवढे वाढवले. अण्णांनी एका हाताला मोडका रीडर ठेवला, दुसऱ्या हाताला टॅब, आणि दोन्हींवरच्या ओळी एकेक करून जुळवत ‘पावसाने’पर्यंत आले. पुढचे वाचतील म्हणून मी थांबलो होतो. त्यांनी चष्मा काढला, भिंग घेतले आणि टॅबवर टेकवले.

"ह्यातला ल चुकलाय," ते म्हणाले.